टेडने नेटला माफ केलं, म्हणून मीही करायचं का?

(एका वाचक मैत्रिणीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात.)

वय ३८, नोकरी करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली एक नवी मुलगी आली. त्यांनी तिला हाताला धरून काम शिकवलं, वरिष्ठांसमोर तिचं नाव पुढे केलं. त्यांना पॅनिक अटॅक येतात, उपचार चालू आहेत, हे ऑफिसात फक्त तिला ठाऊक होतं. बढतीची चर्चा सुरू झाली तेव्हा ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर गेली आणि ती तिनेच घातली होती. बढती तिला मिळाली. वर्षभराने ती नोकरी सोडून गेली. आता तिचा मेसेज आला आहे : ‘तेव्हा माझं चुकलं, मनाला फार लागून राहिलंय, एकदा भेटायचंय. तुमच्या टीममध्ये जागा निघालीय असंही कळलं.’ नेमक्या याच दिवसांत त्या धाकट्या भावाबरोबर ‘टेड लॅसो’ ही मालिका पाहत होत्या. शेवटच्या भागात नेट रडत टेडची माफी मागतो आणि टेड त्याला जवळ घेतो, तिथे त्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. भाऊ म्हणाला, ‘टेडचं मन बघ आणि तुझं बघ.’ त्या विचारतात : ‘मी कोत्या मनाची आहे का? मालिकेतल्या माणसालासुद्धा माफ करता येत नाही, तर हिला कशी करू? आणि नाही केलं, तर हा राग जन्मभर असाच राहणार का?’

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या रिमोटपाशी थांबले. कोत्या मनाचा माणूस टीव्ही बंद करत नाही. त्याला त्या प्रसंगाचं काही वाटतच नाही, तो मोबाइल बघत बसतो. तुम्हाला ते सोसवलं नाही, कारण पडद्यावर जे चाललं होतं ते तुमच्याच घरातून उचलून नेल्यासारखं होतं.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेड लॅसो हा अमेरिकेतला प्रशिक्षक. तिथल्या फुटबॉलचा. त्याला लंडनमधल्या एएफसी रिचमंड या काल्पनिक क्लबला सॉकर शिकवायला आणतात, ज्या खेळातलं त्याला ओ की ठो कळत नसतं. २०२० ते २०२३ या काळात तीन पर्वं आली, एकूण ३४ भाग. नेट हा त्या क्लबचा किटमन, म्हणजे खेळाडूंचे बूट, जर्सी, टॉवेल सांभाळणारा. खेळाडू त्याची टर उडवतात, त्याला धक्काबुक्की करतात. टेड येतो आणि त्याला नाव विचारतो. पुढे त्याच्या डोक्यातली खेळाची समज ओळखून पहिल्या पर्वाच्या शेवटी त्याला प्रशिक्षकांमध्ये घेतो.

दुसऱ्या पर्वात हाच नेट बदलत जातो. आपल्या जागी आलेल्या विल नावाच्या साध्या मुलाला तो घालूनपाडून बोलतो. टेडला एका सामन्यात मध्येच पॅनिक अटॅक येतो आणि तो मैदान सोडून जातो. त्या दिवशी निर्णय नेट घेतो, संघ जिंकतो आणि नेटचं नाव होतं. टेड पुढे आपल्या सहकाऱ्यांना विश्वासाने खरं काय झालं ते सांगतो, आणि तीच गोष्ट नेट पत्रकाराला पुरवतो. भिंतीवरची ‘विश्वास ठेवा’ अशा अर्थाची पिवळी पाटी फाडून टाकतो. मग वेस्ट हॅम या लंडनमधल्याच दुसऱ्या क्लबचा प्रशिक्षक होऊन निघून जातो, तोही ज्या माणसाने रिचमंडच्या मालकिणीचं आयुष्य नासवलं त्या रूपर्टच्या पदरी.

तुमची गोष्ट याच्याशी किती जुळते ते मी वेगळं सांगायला नको. ज्याला आपण हात दिला त्यानेच आपल्या दुखण्याचा बाजार मांडला. त्याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि ते तुमच्यासोबत घडलं आहे. पुढचं सगळं मी हे धरूनच लिहिते आहे.

आता तुमच्या भावाकडे येते. ‘टेडने केलं, तू का नाही?’ या प्रश्नात त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि तुम्हीही नकळत ती मान्य केली आहे : माफी म्हणजे एकच काहीतरी आणि ती देणारा एकच माणूस. मालिका नीट पाहिली तर तसं दिसत नाही. टेड तर नेटने माफी मागायच्या कितीतरी आधी मोकळा झालेला असतो. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीलाच नेट पत्रकारांसमोर त्याची खिल्ली उडवतो आणि टेड उत्तरादाखल स्वतःवरच विनोद करून नेटचं कौतुक करतो. पण बिअर्डला, टेडच्या सर्वांत जुन्या मित्राला, ते जमत नाही. रॉयलाही नाही, जो आधी संघाचा खेळाडू होता आणि आता प्रशिक्षकांपैकी एक आहे. वेस्ट हॅमविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला हे दोघं खेळाडूंना नेटने पाटी फाडल्याचं चित्रीकरण दाखवतात, संघ पेटून उठतो, लाल कार्डं पडतात आणि सामना हातचा जातो. नेटला परत घ्यावं असं खेळाडूच म्हणू लागतात, तेव्हाही बिअर्डचा नकार असतो. टेड त्याच्याशी बोलतो, मग कुठे बिअर्ड नेटच्या दारात जाऊन उभा राहतो. तुरुंगातून सुटल्यावर टेडने आपल्याला घरात घेतलं, आपण त्याचीच गाडी चोरली, आणि पोलिसांनी पकडल्यावर टेडने ‘गाडी मीच दिली होती’ असं सांगितलं, हे तो नेटला सांगतो.

बिअर्डला कोणी कोत्या मनाचा म्हणत नाही. त्याला उशीर लागला, कारण तो जखमी माणसाच्या शेजारी उभा होता आणि त्याला स्वतःचं देणं आठवायला वेळ लागला. तुम्ही तर स्वतः जखमी आहात. तुमच्या भावाने तुमची तुलना टेडशी केली. मला विचाराल तर टेड हा मालिकेतला सर्वांत दुर्मीळ माणूस आहे. त्याच्याशी तुलना करून घेऊ नका.

आणखी एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, ती प्रेक्षक म्हणून. नेटचा पश्चात्ताप मालिकेने अर्धवट दाखवला आहे. रूपर्ट त्याला एका क्लबमध्ये बोलावून परक्या बायकांच्या संगतीत बसवू पाहतो, नेट तिथून निघून प्रेयसीकडे जातो, एवढं आपण पाहतो. पण त्यानंतर तो वेस्ट हॅम सोडतो तो प्रसंग पडद्यावर येतच नाही, फक्त कळतो. माझ्या मते लेखकांनी इथे मोठी चूक केली. ज्या क्षणी माणूस मिळालेलं पद, पैसा, नाव खाली ठेवतो, तोच क्षण आपल्याला पाहायचा असतो. तो न पाहता एकदम रडणं आणि मिठी समोर आली, की मन म्हणतं, थांबा, मधलं कुठे गेलं? तुमच्या मनाने तेच विचारलं असेल.

आणि तुमच्या त्या मेसेजबद्दलही मला हेच विचारावंसं वाटतं. मधलं कुठे आहे?

‘तेव्हा माझं चुकलं.’ काय चुकलं? ‘मनाला लागून राहिलंय.’ तिच्या मनाला. तुमचं काय झालं याबद्दल त्यात एक शब्द नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात रिकामी जागा. ती लबाडीच करते आहे असं मी म्हणत नाही. लाज वाटत असलेला माणूस असाच चाचरत, आडून बोलतो, आणि नोकरीची गरजही खरी असू शकते. पण या मेसेजला मी माफीनामा म्हणणार नाही. दार ठोठावलं आहे, एवढंच.

माफी कशी मागावी हे याच मालिकेत नेटच्या बरंच आधी दाखवलं आहे. क्लबची मालकीण रेबेका हिने टेडला आणलेलंच असतं क्लब बुडवायला, घटस्फोटित नवऱ्यावर, म्हणजे त्याच रूपर्टवर, सूड म्हणून. पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे ती त्याच्या खोलीत जाते आणि एकेक करून सगळं सांगते. तू हरावंस म्हणून तुला आणलं. तुझे ते फोटो मी काढवले. ती मुलाखत मी ठरवली. ज्या गोष्टी टेडला कधी कळल्याही नसत्या, त्याही ती स्वतःच्या तोंडाने सांगते आणि बदल्यात काही मागत नाही. टेड तिला तिथल्या तिथे माफ करतो. मला तो प्रसंग नेटच्या प्रसंगापेक्षा जास्त पटतो, कारण तिथे हिशोब पूर्ण मांडलेला आहे.

आता एक अवघड गोष्ट बोलते. रागावू नका.

दुसऱ्या पर्वात एक छोटा प्रसंग आहे. नेटला आईवडिलांसाठी एका रेस्टॉरंटमधलं खिडकीजवळचं टेबल हवं असतं, पण मागायचा धीर होत नाही. तो बाथरूममध्ये जातो, आरशात स्वतःकडे बघतो आणि त्या प्रतिबिंबावर थुंकतो. मग बाहेर येऊन ताठ मानेने टेबल मागतो आणि ते त्याला मिळतं. मी तो प्रसंग पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. या माणसाला धीर कुठून येतो, तर स्वतःच्या तिरस्कारातून. तोच तिरस्कार पुढे विलवर सांडतो, टेडवर सांडतो. पाटी फाडायच्या आधी तो टेडला म्हणतो त्याचा अर्थ असा, की तू मला जगातला सर्वांत महत्त्वाचा माणूस असल्यासारखं वागवलंस आणि मग टाकून दिलंस. त्याने दिलेला फोटो टेडच्या ऑफिसात नाही, हे त्याला डाचत असतं. तो फोटो टेडच्या घरी असतो, त्याच्या मुलाच्या फोटोशेजारी. नेटला ते माहीत नसतं.

यावरून तुम्हाला विचारते : त्या मुलीला तुमच्याबद्दल काही डाचत होतं का? तुम्ही तिचं नाव पुढे केलंत, पण कुठेतरी तिला आपण कायम ‘हिच्या हाताखालची’ आहोत असं वाटत राहिलं असेल का? मी हे विचारते म्हणजे दोष तुमच्याकडे सरकवते असं समजू नका. तिची कितीही तक्रार असो, दुसऱ्याचं आजारपण वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा अधिकार त्यातून मिळत नाही. नेटचं दुःख खरं होतं आणि त्याने केलं ते नीचच होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि तुम्हाला एक निवडावं लागत नाही. हा प्रश्न विचारण्याचं कारण वेगळं आहे. आपल्याला ज्याने फसवलं त्याचं काय बिनसलं होतं हे कळलं नाही, तर मन रात्र रात्र एकच प्रश्न दळत बसतं : मी माणूस ओळखायला चुकले का? तुमच्या पत्रात हा प्रश्न नाही, पण ओळींच्या मधून तो ऐकू येतो. तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही तिच्यात जे पाहिलंत तेही तिच्यात होतं.

आता ‘माफी’ या शब्दाबद्दल. आपण ‘चूक पोटात घाल’ म्हणतो. फार बोलका वाक्प्रचार आहे. पोटात घातलेलं पोटातच राहतं, आणि बाईमाणसाला तर लहानपणापासून हीच सवय लावलेली असते. तुमचा भाऊ मागतो आहे ती माफी या जातीची आहे. ती देऊ नका. राग गिळून तिला टीममध्ये घेतलंत, तर रोज सकाळी दहा वाजता तो राग तुमच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसेल.

मी जी माफी म्हणते तिच्यात राग उतरतो, आणि तो उतरला म्हणून दुसरं काही द्यावं लागत नाही. राग सोडणं, परत विश्वास टाकणं आणि परत जागा देणं, या तीन गोष्टींचं वेळापत्रक वेगवेगळं असतं. जेमीचं उदाहरण घ्या, रिचमंडचा मगरूर स्ट्रायकर. त्याचा बाप दारुडा आणि शिवराळ. तिसऱ्या पर्वात टेड त्याला सुचवतो की बापाला माफ कर, पण त्याच्यासाठी नको, स्वतःसाठी कर. शेवटी जेमी व्यसनमुक्ती केंद्रात बापाला भेटायला जातो. भेटतो, एवढंच. बापाच्या हाती आयुष्याची सूत्रं देत नाही. नेटलासुद्धा परत घेतात ते किटमनचा मदतनीस म्हणून, म्हणजे ज्याला त्याने छळलं त्या विलच्या हाताखाली. टॉवेलांच्या घड्या घालायला. प्रशिक्षकांमध्ये तो पुन्हा दिसतो तो अगदी शेवटच्या दृश्यांत. तुमच्या भावाला मिठी आठवते; मला ते टॉवेल आठवतात.

इथे माझं एक सांगते. पंचविशीत मी एका मैत्रिणीची खाजगी गोष्ट चारजणींत बोलले. तिचं ठरत आलेलं लग्न त्यामुळे मोडलं. मी तिला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर नाही. चार वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं : ‘तुझं पत्र तेव्हाच वाचलं होतं. आता राग नाही. भेटायची इच्छा मात्र नाही. तुझं चांगलं होवो.’ ते कार्ड हातात घेऊन मी खूप रडले, आधी दुःखाने आणि मग कशाने ते कळेना. तिने मला पूर्ण माफ केलं होतं. फक्त तिच्या घरात मला जागा नव्हती, आणि ती मागायचा हक्क मी गमावला होता. आजही कोणी विश्वासाने काही सांगितलं की मला ते कार्ड दिसतं.

म्हणून आता काय करायचं, ते सांगते. मेसेजला सविस्तर उत्तर आत्ता देऊ नका, पण लटकतही ठेवू नका, नाहीतर तो रोज डोक्यात वाजत राहील. दोन ओळी पुरेत : ‘मेसेज मिळाला. मला वेळ हवा आहे. नोकरीबद्दल मी तुझ्याशी बोलणार नाही.’ ही शेवटची ओळ गाळू नका. माफी आणि रिकामी जागा तिने एकत्र बांधून पाठवली आहे, ती गाठ तुम्हीच सोडवायला हवी. तिला खरंच माफी मागायची असेल, तर नोकरीचा विषय संपल्यावरही ती मागेल. नाही मागितली, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

त्या जागेच्या निवडीत तुमचा शब्द चालत असेल तर बाजूला व्हा. वरिष्ठांना इतकंच सांगा, की या व्यक्तीबरोबर पूर्वी काम केलं आहे, अनुभव कडवट आहे, त्यामुळे निवडीत मी नसलेलं बरं; आणि माझ्याच टीममध्ये असेल तर माझी तयारी नाही. तिने काय केलं त्याची कहाणी सांगायची गरज नाही. सूडाने तिची वाट अडवलीत तर ते तुम्हालाच बोचेल, आणि उदारपणाने तिला आणलंत तर वर्षभरात दोघींचा जीव नकोसा होईल. तयारी नाही म्हणणं यात गैर काही नाही.

भेटायचं की नाही हे मग ठरवा, सहा महिन्यांनी ठरवलंत तरी चालेल. भेटलात तर आधी तिला बोलू द्या. ती रेबेकासारखं नाव घेऊन बोलते का, ते ऐका : कोणाला सांगितलं, कधी, कशासाठी, आणि त्यातून मला काय मिळालं. ती ‘परिस्थितीच तशी होती’वरच अडकून राहिली, तर भांडत बसू नका, उठून या. आणि ती सगळं बोलली तर तुमचं काय झालं तेही तिला ऐकवा. ते महिने कसे काढलेत, कोणत्या नजरा झेलल्यात. तिने ते ऐकून घेणं हाच तुमच्या वाटणीचा हिशोब. त्याच टेबलावर ‘माफ केलं’ म्हणायची सक्ती नाही.

तुमच्या डॉक्टरांशी या मेसेजबद्दल जरूर बोला. दोन वर्षांनी अचानक आलेला असा मेसेज झोप उडवू शकतो, छातीत धडधड परत आणू शकतो. ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

राहता राहिला राग जन्मभर राहील का हा प्रश्न. मला वाटतं नाही राहणार. पत्रात तुम्ही तिला हाताला धरून शिकवल्याचं लिहिलंत तेव्हा तुमचं अक्षर सुंदर, मोकळं आहे. ज्याच्या मनात नुसता द्वेष उरला आहे, तो अशा आठवणी जपत नाही.

भावावर चिडू नका, पण त्याला हे सांगा, की ‘मन मोठं कर’ हे ज्याचं काही गेलेलं नाही त्याने म्हणायला सोपं असतं. ज्या वाचकांच्या घरात असं कोणी दुखावलेलं माणूस आहे, त्यांनाही माझी हात जोडून हीच विनंती आहे. घाई करू नका. शेजारी बसा.

आणि तो शेवटचा भाग तुमचा अर्धा राहिला आहे. तुम्ही टीव्ही बंद केलात त्याच्या पुढे मध्यंतरात एक प्रसंग आहे. ती पाटी नेटने एकदा फाडली होती, नंतर एका भागात टेडनेही तिचे तुकडे केले होते. खेळाडूंनी ते कपटे आपापल्याजवळ जपून ठेवलेले असतात. एकेकजण ते बाहेर काढतो आणि सगळे मिळून पाटी जुळवतात. तिच्यावरच्या भेगा दिसतात. कधी मन झालं तर पाहा. भावाला शेजारी बसू दे, रिमोट मात्र तुमच्या हातात ठेवा.